'बंद करून चालू' आणि 'रीस्टार्ट' एकच नव्हे

'द आयटी क्राउड' या ब्रिटिश विनोदी मालिकेत हेल्पडेस्कवर (संगणकाच्या तक्रारी सोडवणाऱ्या विभागात) काम करणाऱ्या रॉयचं "बंद करून परत चालू करून पाहिलंत का?" हे निव्वळ कामचुकारपणाचं उत्तर आहे, असं काही जण म्हणतात. पटलं नाही. फोन उचलायचा कंटाळा म्हणून तो तेच वाक्य टेपवर लावून ठेवतो हे खरं, पण सल्ला अगदी रास्त आहे. अडकलेला प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम), प्रोग्रॅमने वापरून परत न सोडल्यामुळे भरलेली मेमरी, हँग झालेला प्रिंटर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर), हे सगळं मशीन नव्याने उठलं की साफ होतं. शिवाय 'प्लग नक्की लावलाय ना?' हा त्याचा पुढचा प्रश्नही हेल्पडेस्कवर आधी विचारायचाच असतो.

पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मालिका २००६ साली चॅनल ४वर सुरू झाली, तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता आणि शट डाउन म्हणजे खरोखर शट डाउन. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शट डाउन करताना कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर्सची स्थिती डिस्कवर जपून ठेवतात आणि चालू करताना तीच परत उचलतात, त्यामुळे बिघडलेला ड्रायव्हर तसाच परत येतो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने लोड करतं. खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'अप टाइम' (शेवटच्या खऱ्या सुरुवातीपासून गेलेला वेळ) बघा: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर रोज रात्री मशीन बंद करणाऱ्याचाही आकडा कित्येक दिवसांचा दिसू शकतो. फास्ट स्टार्टअप टाळून खरोखर बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा.