नानांचं ईएफ २८, त्रास काहीच नाही, तरी आयसीडी बसवायचं का?

रावेरचा_केळीवाला:
राम राम मंडळी. वडिलांना (नाना, वय ६३) मागच्या वर्षी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, गोळ्या टायमावर चालू आहेत. दम नाही, चक्कर नाही, पहाटे उठून केळीला पाणी द्यायला जातात. पण आता इकोत ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) २८ आलं आणि डॉक्टर म्हणे आयसीडी बसवा. काका म्हणतात ठोके नीट आहेत तर मशीन कशाला, ठोक्याची गोळी घ्या. खर्च ऐकून घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. हे पेसमेकरच ना?

भुसावळची_सिस्टर:
नाही दादा. पेसमेकर ठोके फार हळू पडले की मदत करतो. आयसीडी खालच्या कप्प्यात अचानक जीवघेणे वेगवान ठोके सुरू झाले की ओळखतं, आधी पेसिंग करून (स्वतः बारीक करंटचे ठोके देऊन) मोडायला बघतं नि नाहीच जमलं तर आतून शॉक देतं. अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूवर व्रण राहतो, त्याच्याभोवती करंट गोल फिरायला लागला की हे होतं, आणि कितीतरी जणांना पहिल्यांदा होतं तेच शेवटचं ठरतं. म्हणून आज त्रास नाही यावर विसंबू नका.

गोळीचं म्हणाल तर कास्ट नावाच्या ट्रायलमधे अटॅकनंतरचे जास्तीचे ठोके दाबायला फ्लेकेनाइड, एन्केनाइड दिलं, ठोके दबले पण माणसं जास्त दगावली, १९८९ मधे त्या गोळ्या थांबवाव्या लागल्या. एससीडी-हेफ्ट ट्रायलमधे (२००५) ॲमिओडॅरोन या ठोक्याच्या गोळीने जीव वाचवण्यात फरक पडला नाही, आयसीडीने मृत्यू २३ टक्के कमी झाले. काकांना हे जरूर सांगा.

धुळेकर_७७:
पण ताई डेन्मार्कच्या २०१६ च्या ट्रायलमधे एकूण मृत्यूंत खास फरक नव्हता ना? मग सगळ्यांना सरसकट का बसवतात

भुसावळची_सिस्टर:
बरोबर वाचलंय तुम्ही, पण ते पेशंट रक्तवाहिनीच्या ब्लॉकेजमुळे हृदय कमजोर झालेले नव्हते. नानांना अटॅक येऊन गेलाय, त्यांच्यासाठी मॅडिट-२ ट्रायल बघा (२००२, १२३२ पेशंट, जुना अटॅक, ईएफ ३० किंवा कमी). साधारण २० महिन्यांत नेहमीच्या उपचारावर १९.८ टक्के गेले, आयसीडीवाले १४.२. म्हणजे सगळे वाचतात असं नाही, पण फरक खरा आहे. अटॅकनंतर ४० दिवसांच्या आत मात्र घाई करत नाहीत. डॉक्टरांना एवढं विचारा की पूर्ण डोसच्या गोळ्यांवर तीन महिने झाल्यावरचं हे २८ आहे का, कारण कधी कधी गोळ्यांनीच ईएफ वर येतं.

चोपड्याचा_भाचा:
माझ्या मामांना आयसीडी आहे. एकदा शॉक बसला, म्हणाले छातीत बैलाने लाथ मारावी तसं, पण त्यानेच वाचले. नाना पाणी भरायला जातात म्हणून मुद्दाम सांगतो भाऊ, आधी मोटरीचं अर्थिंग वायरमनकडून चेक करून घ्या. ओल्यात लीकेज करंट अंगात शिरला तर मशीनला ते खराब ठोके वाटतात आणि विनाकारण शॉक बसतो. वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घ्या. मोबाईल डाव्या खिशात नको, १५ सेंमी तरी लांब.

रावेरचा_केळीवाला:
लई आभार ताई, भाऊ. इको कधीचा आहे ते उद्याच विचारतो, आणि मोटरीकडे आता मीच जातो, वायरमन येईपर्यंत नानांना बांधावरच बसवतो.