मदत हवी आहे: 'नॉस्टाल्जिया'मधल्या भिंतीवरचं १+१=१ म्हणजे नक्की काय?

मंडळी, चार दिवस डोक्याला भुंगा लागलाय, कोणीतरी सोडवा.

शनिवारी रात्री तारकोव्हस्कीचा 'नॉस्टाल्जिया' (१९८३) बघितला, म्हणजे तसा दुसऱ्यांदा, पहिल्या वेळी अर्ध्यात झोप लागली होती हे आधीच कबूल करून टाकतो. पिक्चर रशियन की इटालियन यावर कृपया वाद नको, दिग्दर्शक रशियन, हिरो रशियन, दुखणं रशियन, फक्त जागा आणि बराचसा पैसा इटलीचा, मी रशियन धरून चाललोय.

बघितला नसेल त्यांच्यासाठी (पुढे सगळा शेवट सांगितलाय, नंतर बोंब मारू नका): गोर्चाकोव्ह नावाचा रशियन लेखक अठराव्या शतकातल्या एका रशियन संगीतकाराच्या चरित्रासाठी इटलीत फिरतोय, सोबत दुभाषी बाई आहे, आणि याचं लक्ष कशातच नाही, घर आठवतंय. बान्यो विन्योनी म्हणून गाव आहे, तिथे चौकाच्या जागी गरम पाण्याचं कुंडच आहे, लोक त्यात डुंबत गप्पा छाटतात, आणि तिथे त्याला डोमेनिको भेटतो. गाव त्याला येडा म्हणतं, कारण जग बुडणार म्हणून या बाबाने बायकोपोरांना सात वर्षं घरात कोंडून ठेवलं होतं.

आता मुद्दा. गोर्चाकोव्ह त्याच्या घरी जातो. घर कसलं, छप्पर गळतंय, पाऊस आत पडतोय, जमिनीवर बाटल्या मांडून ठेवल्यात. डोमेनिको तेलाची बाटली घेतो, तळहातावर एक थेंब टाकतो, मग दुसरा, आणि म्हणतो की एक थेंब अधिक एक थेंब म्हणजे मोठा थेंब होतो, दोन होत नाहीत. आणि मागे भिंतीवर हे एवढं मोठं लिहिलेलं, १+१=१.

एकदा तो आकडा दिसला की मग पिक्चरभर दिसायला लागतो. गोर्चाकोव्ह स्वप्नात एका ओसाड रस्त्यावरच्या कपाटाचा आरसा उघडतो, आत चेहरा डोमेनिकोचा. हॉटेलच्या खोलीत बाथरूममधून एक कुत्रा येऊन पलंगाशी बसतो, तसलाच अल्सेशियन डोमेनिकोकडे, तसलाच याच्या रशियातल्या घराच्या आठवणीत. त्याची रशियातली बायको आणि ही इटालियन दुभाषी स्वप्नात एकमेकींना मिठी मारतात. अगदी सुरुवातीलाच तो म्हणतो की कविता भाषांतरात जगत नाही, मग बाई विचारते की मग आपण एकमेकांना ओळखायचं कसं, तर म्हणतो देशांच्या सीमा पुसून टाका. म्हणजे तिथेही एक अधिक एक एकच की.

आणि शेवट. डोमेनिको रोममध्ये मार्कस ऑरेलियस या जुन्या रोमन सम्राटाच्या पुतळ्यावर चढून भाषण करतो आणि स्वतःला पेटवून घेतो. तिकडे गोर्चाकोव्ह त्याला दिलेला शब्द पाळायला त्या रिकाम्या केलेल्या कुंडातून पेटती मेणबत्ती घेऊन चालतो, दोनदा विझते, दोनदा परत पहिल्यापासून, तिसऱ्यांदा पोचतो आणि तिथेच कोसळतो. नऊएक मिनिटांचा एकच शॉट आहे, मी श्वास रोखून बसलो होतो. इकडे ज्योत, तिकडे आग, माणसं दोन, काम एकच?

माझ्या डोक्यात पहिल्यांदा अर्थातच अद्वैत आलं. आपलं कसं, दोन गोष्टी एक झाल्या की लगेच माऊली आठवतात. पण हे मीच माझ्या घरून नेऊन त्याच्या भिंतीवर चिकटवतोय असं वाटतं. त्यात बायकोने शेवटी शेवटी येऊन एकच वाक्य टाकलं, "सात वर्षं कोंडून ठेवलं तेव्हा पण त्याला सगळे एकच वाटत असतील." तेव्हापासून झोप उडालीय. हा आकडा मायेचा आहे की वेडाचा? जाणकारांनी प्लीज सांगावं.

कडक_चहा: धागा आवडला. एक माहिती देतो. हेच गणित इटालियन दिग्दर्शक अंतोनियोनीच्या १९६४च्या 'रेड डेझर्ट'मध्ये आहे. तिथे लहान पोरगा आईला विचारतो एक अधिक एक किती, आई दोन म्हणते, तो काचेवर थेंबावर थेंब सोडून दाखवतो की एकच. दोन्ही पिक्चरच्या पटकथेत तोनिनो ग्वेरा हा माणूस आहे. त्यामुळे रशियन गूढ वगैरे शोधायच्या आधी ग्वेराच्या खिशातली गोष्ट असू शकते हे धरून चला. फक्त तिथे ते पोराचा खेळ म्हणून येतं, इथे त्याच गोष्टीपायी एक म्हातारा जळून मरतो.

पायरीवरचा: +१

कडक_चहा: या धाग्यावर +१ देऊन काही उपयोग नाही, बेरीज वाढत नाहीये.

ओली_भिंत: धागाकर्ते, अद्वैत सोडा, शेवटचा शॉट बघा. गोर्चाकोव्ह कुत्र्यासोबत रशियातल्या घरासमोर बसलाय, कॅमेरा हळूहळू मागे येतो आणि कळतं की ते अख्खं घर इटलीतल्या सान गाल्गानोच्या पडक्या, छप्पर नसलेल्या चर्चच्या आत आहे, वरून बर्फ पडायला लागतो. तारकोव्हस्कीला प्रतीकं शोधणाऱ्यांचा राग यायचा, पण हा शॉट रूपकासारखा झालाय हे त्याने स्वतः मान्य केलंय. भिंतीवरच्या गणिताचं उत्तर तेच. पण दोन देश एक झालेत ते कुठे, तर माणूस मेल्यावर. तारकोव्हस्की स्वतः या पिक्चरनंतर रशियात परत गेलाच नाही, १९८४मध्ये मिलानला पत्रकार परिषद घेऊन तसं जाहीर केलं आणि १९८६च्या डिसेंबरात पॅरिसला वारला. म्हणून मला तो आकडा मायेचा पण वाटत नाही, वेडाचा पण नाही, न जमलेल्या हिशेबाचा वाटतो.

पायरीवरचा: मघाशी घाईत होतो. वहिनींचं बरोबर आहे, पण अर्धं. डोमेनिको स्वतःच म्हणतो की मी स्वार्थी होतो, फक्त माझं घर वाचवायला निघालो, सगळ्यांना वाचवायला हवं होतं. म्हणजे आधीचं 'एक' दार बंद करून केलेलं, आणि भिंतीवरचं त्यानंतरचं. फरक एवढाच की पहिल्या वेळी किंमत बायकोपोरांनी दिली. अवांतर: थेंबाचा प्रयोग मी खोबरेल तेलाने करून बघितला, थंडीत थिजलेलं होतं, दोन गोळे शेजारी शेजारी बसून राहिले. हात चोळले तेव्हा एक झाले.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, 'रेड डेझर्ट'चं माहीतच नव्हतं, तो आता शोधतो. पायरीवरचा यांचं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली दुसऱ्या वेळची किंमत कुत्र्याने दिली. मी परत जाऊन तो भाग लावला. डोमेनिको पेटतो तेव्हा गर्दी पुतळ्यासारखी उभी आहे, लावलेलं बेथोव्हनचं संगीत मध्येच अडकतं, आणि कासावीस होऊन भुंकतोय तो एकटा कुत्रा. त्या अख्ख्या चौकात तेवढा एकच जीव त्याच्याशी जोडलेला. आता हे एक अधिक एक कुठे धरायचं ते सांगा, धागा चालू ठेवतोय.