रोबोच्या टाकीत साधे पाणी की लिक्विड?

ओलेफडके (कोथरूड)
परवा येथे एका सदस्याने ठणकावून लिहिले होते की, फरशी पुसणाऱ्या रोबोच्या टाकीत साधे पाणी घालणे म्हणजे धूळ भिजवून घरभर सारवणे होय, आणि फरशी पुसायच्या लिक्विडचे पैसे वाचवायचे असतील तर रोबो घेऊच नये. कंजूषपणाचा उल्लेख माझ्या अंगाला लागल्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

यंत्राबरोबर आलेली बाटली मी मोठ्या उत्साहाने संपवली आणि दुसरीही मागवली. तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातून देवघराकडे अनवाणी जाताना पावलागणिक चर्र असा आवाज येऊ लागला आणि तळवा किंचित चिकटून सुटू लागला. शेवटी जुन्या बनियनचे फडके करून, कढत पाणी घेऊन, गुडघ्यांवर बसून दोन खोल्या पुसल्या. बादलीत साबणाचा थेंबही नव्हता, तरी दुसऱ्यांदा फडके पिळताच पाण्यावर फेस आला. तो कोठून आला, हे लिक्विडवाद्यांनी सांगावे. हाताने पुसताना आपण फडके वरचेवर पिळतो, पाणी बदलतो आणि शेवटी साध्या पाण्याचा एक हात फिरवतो. माझा रोबो अडीचशे मिलिलिटरच्या टाकीत सगळे घर उरकतो आणि हा शेवटचा हात त्याच्याकडे नाही, त्यामुळे टाकीत जे घालावे ते फरशीवरच वाळते. तेव्हापासून आमच्याकडे साधे पाणी आहे आणि चर्र आवाज बंद झाला आहे.

सुरमईवाले (दादर)
परवाचा तो सदस्य मीच. आपल्या घरी बहुधा मुगाची खिचडी शिजत असावी. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासे तळले जातात आणि ओट्याजवळच्या लादीवर तेलाचे इतके बारीक तुषार बसतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, तळपायालाच कळतात. तेल पाण्याला दाद देत नाही हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही, पातेले घासणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असते. नुसत्या पाण्याचे पॅड त्या तेलावरून गेले की रोबो ते उचलत नाही, दिवाणखान्यापर्यंत पोहोचवतो.

आता फेसाविषयी. माझ्या बाटलीवर दोनशे भाग पाण्याला एक भाग असे प्रमाण छापले आहे. त्या हिशेबाने आपल्या टाकीला जेमतेम सव्वा मिलिलिटर पुरते. आपण झाकण भरून ओतले असणार, आणि दोष मात्र लिक्विडला.

टँकरग्रस्त (वाकड)
साधे पाणी, साधे पाणी असा जो घोष चालला आहे, तो खडकवासल्याचे गोड पाणी नळाला येणाऱ्यांनी आणि तानसा-वैतरण्यावर वाढलेल्यांनी जरूर करावा. आमच्या सोसायटीत अर्धे पाणी बोअरचे आणि अर्धे टँकरचे. स्वखर्चाने तपासून घेतले तेव्हा एकूण जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार तो २०० पर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. अहवाल मी सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला, तर अध्यक्षांनी आधी पार्किंगचा विषय घेऊ असे सांगितले, आणि तो विषय आजतागायत चालू आहे. आपल्या बादलीत साबणाशिवाय फेस येतो याचा हेवाच वाटतो, आमच्याकडे साबण घालूनही येत नाही. साध्या पाण्याने रोबो फिरवला की काळसर टाइल्सवर त्याच्या वाटेचे पांढरट पट्टे उमटतात. म्हणून मी आठवड्यातून एकदा टाकीत व्हिनेगर घालतो. पट्टे जातात आणि पाणी सोडणारी छिद्रेही मोकळी राहतात.

निवृत्त रसायनशिक्षक
हे वाचून कोणी व्हिनेगरची बाटली उघडली असेल तर कृपया बंद करावी. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही रसायनाने त्यांचाच भाऊ. व्हिनेगरसारखे आम्ल लागले की पॉलिश उतरते. लातूरला माझ्या भावाच्या घरी शहाबादी फरशीवर हाच प्रयोग झाला. रोबो चार्जिंगसाठी जेथे उभा राहत असे, तेथे पॅडच्या आकाराचा एक मंद डाग आहे आणि त्यावर आता कायमची रांगोळी काढली जाते. ज्यांचे पाणी जड आहे त्यांनी एसीचे ठिबकणारे पाणी फडक्यातून गाळून वापरावे, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

टँकरग्रस्त (वाकड)
मी वर ‘टाइल्स’ असे स्पष्ट लिहिले आहे. त्या व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेल्या आहेत, दगडाच्या नव्हेत. पूर्ण न वाचता ताशेरे ओढण्याची सवय वर्गात चालून जात असेल, येथे चालणार नाही. शिवाय थंडीत आमचा एसी बंद असतो. तेव्हा रोबोने चातुर्मास पाळावा काय?

निवृत्त रसायनशिक्षक
व्हिट्रिफाइड टाइलला व्हिनेगरने काही होत नाही, हे मान्य. परंतु दोन टाइल्समधील सांधे सिमेंटचे असतील तर त्यांना होते. चातुर्मास थंडीत नसतो, हेही नोंदवून ठेवतो.

मनीची आई
आपण सर्व जण फरशी पायांनीच तपासत आहात. आमच्या घरी ती जिभेने तपासली जाते, कारण मांजर फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटत बसते. जंतुनाशक लिक्विडच्या आमच्या बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलेले होते. मनीच्या जिभेला फोड आले, तिने दोन दिवस खाणे सोडले आणि डॉक्टरांनी सर्वांत आधी फरशी कशाने पुसता हेच विचारले. शिवाय त्याच बाटलीवर पृष्ठभाग दहा मिनिटे ओला ठेवावा अशी सूचना होती. रोबोने पुसलेली फरशी पंख्याखाली तीन मिनिटांत वाळते. म्हणजे जंतू मरतीलच याचा भरवसा नाही आणि मांजराला मात्र त्रास.

सुरमईवाले (दादर)
मनीबद्दल खरोखर वाईट वाटले. जंतुनाशकाची बाजू मी घेतलेली नाही, तेल काढणाऱ्या साध्या लिक्विडची घेतली आहे. दोन्ही बाटल्या निळ्याच असतात हा माझा अपराध नव्हे.

बादलीवाला
एवढे रसायनशास्त्र शिकून यंत्राला पाणी पाजण्यापेक्षा मावशींना महिना पाचशे रुपये वाढवून द्यावेत.

ओलेफडके (कोथरूड)
मावशींना वाढ दिलेली आहे. त्या भांड्यांना येतात, लादीला येत नाहीत, कारण त्यांचे गुडघे दुखतात आणि आता माझेही.

काल मुद्दाम पुऱ्या तळल्या. रोबो नुसत्या पाण्याने फिरल्यावर गॅसपासून हातभर अंतरावर पांढरा टिश्यू दाबला, तर त्यावर पिवळट पारदर्शक ठसा आला. सुरमईवाल्यांना हे वाचून आनंद होईल, तो त्यांनी बेतानेच करावा. यापुढे शनिवारी रोबो फक्त स्वयंपाकघरात लिक्विड घेऊन फिरेल आणि लगेच साध्या पाण्याने दुसरी फेरी मारील. उरलेल्या घरात साधे पाणीच राहील. ही माघार समजू नये.

सुरमईवाले (दादर)
समजलो नाही. फक्त मोजताना औषधाच्या बाटलीबरोबर येणारे ड्रॉपर वापरावे. झाकणात सव्वा मिलिलिटरची रेघ नसते, हे मी काल रात्री माझ्याच झाकणात पाहिले.