प्रागची चर्च आणि यान हुस

'युरोपातली चर्च म्हणजे आता नुसती संग्रहालयं' असं काही जण म्हणतात; चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्रागपुरतं ते बरंचसं खरं आहे. आमच्या मंडळीबरोबर सेवाकार्यासाठी गेले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एका चर्चच्या दारात उपासनेच्या वेळेऐवजी मैफिलीच्या तिकिटांची पाटी दिसली. फार वाईट वाटलं.

पण म्हणून तिथली जमीनच खडकाळ, तिथे श्रद्धा रुजणारच नाही, हे पटत नाही. दुसऱ्या दिवशी बेथलेहेम चॅपल पाहिलं (आजची वास्तू १९५० च्या दशकात पुन्हा उभारलेली). १४०२ पासून चेक धर्मसुधारक यान हुस इथे लोकांच्या चेक भाषेत उपदेश करत. १४१५ मध्ये त्यांना जिवंत जाळलं. जुन्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावर कोरलंय: एकमेकांवर प्रेम करा, प्रत्येकाला सत्य लाभो. लहानपणापासून मराठीतच प्रार्थना करत आलेली मी तिथे बराच वेळ उभी होते.