मदत हवी आहे: कोकणात राहून प्रस्तरारोहण कुठे आणि कसं शिकावं?

बंदरावरचा फिटर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी हर्णैजवळ राहतो, बोटींच्या इंजिनांची कामं करतो. वय 36. दोन वर्षांपूर्वी रायगडावर गेलो होतो, तिथून समोर लिंगाणा दिसला. दुर्बिणीतून त्या सुळक्यावर लाल-पिवळे ठिपके हलताना दिसले. आधी वाटलं फुलं असतील, मग कळलं ती हेल्मेटं आहेत. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

व्हिडिओ पाहून बरंच काही शिकलो असं वाटत होतं. आमच्या वाडीमागे एक बंद पडलेली चिरेखाण आहे, पंचवीसेक फूट उभी भिंत. मी आणि माझा 16 वर्षांचा भाचा तिथे जायला लागलो. बोटीवरचा दोर वरच्या काजूला बांधला, दुसरं टोक त्याच्या कमरेला. चार रविवार मजेत गेले. पाचव्या रविवारी हातातला चिरा पावासारखा तुटला आणि पोरगं खाली आलं. दोर होता, पण ढिला होता. मनगटाला प्लास्टर, आणि बहिणीचा माझ्याशी महिनाभर अबोला. चूक माझीच, त्यावर इथे कान धरले तरी चालतील.

त्यानंतर रीतसर शिकायचं ठरवलं. एका ग्रुपची 'रॉक क्लाइंबिंग'ची जाहिरात पाहून पैसे भरले, रात्रभर प्रवास करून गेलो. चाळीस माणसं, एक दोर. दुपारी तीनला नंबर लागला, एकदा खाली सोडलं, फोटो काढले आणि मिसळ खाऊन परत. चढणं राहिलंच.

तर जाणकारांनी सांगावं. खरं शिक्षण कुठे मिळतं? हिमालयातल्या संस्थांचे कोर्स माझ्यासारख्याने करावेत का, की आधी सह्याद्री? वाचायला काय? सामान काय घ्यावं आणि आधी काय? आणि घरी राहून काय करता येईल, कारण इथून पुणं गाठायचं तर एसटीत अख्खा दिवस जातो. मासेमारीबंदीचे जून-जुलै आमचे सगळ्यात धावपळीचे, सगळ्या बोटी किनाऱ्यावर आणि सगळी इंजिनं उघडलेली. दिवाळीनंतर मात्र रविवार मोकळे असतात.

गाठींची चिंता नाही, त्या आम्हाला लहानपणापासून येतात.

घाटमाथा

फिटरदादा, आधी चिरेखाण बंद. बाकी सगळं नंतर.

जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. खाणीत तर तो यंत्राने कापलेला, म्हणजे नैसर्गिक पकडी नाहीत, आणि ज्या कडा दिसतात त्या कधी हातात येतील सांगता येत नाही. वरच्या काठाला माती आणि सुटे दगड, तुमचा दोर सरकला की तेच खाली येणार. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्ट आहे. तोही थराथराने निघतो, काही ठिकाणी वाईट निघतो, पण निदान वाचायला शिकता येतो. आणि सड्यावर कुठे बोल्ट ठोकायची कल्पना कधी आलीच तर ती तिथेच सोडा. रत्नागिरीकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, ती पुन्हा कोणी कोरून देणार नाही.

आता दोर. बोटीचा दोर ओढायला आणि बांधायला असतो, पडणारा माणूस झेलायला नाही. पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर उन्हाने कुजतो आणि घर्षणाने नायलॉनच्या कितीतरी आधी वितळतो. चढाईचा डायनॅमिक दोर मुद्दाम ताणला जाईल असा विणलेला असतो, म्हणजे पडल्याचा हिसका कंबरेऐवजी दोर खातो. एकेरी दोराला यूआयएए या जागतिक गिर्यारोहण संघटनेचं प्रमाणपत्र हवं असेल तर चाचणीत किमान 5 पडणी सोसाव्या लागतात आणि पहिल्या पडणीचा हिसका 12 किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरायचा, स्टॅटिक दोर वेगळा. तो न ताणणारा, त्यावर लीड (सगळ्यात पुढे चढणं) करायचं नाही. वापरलेला दोर कोणाकडूनही विकत घेऊ नका, त्याचा इतिहास विकणाऱ्यालाच माहीत.

पण भाचा पडला तो दोरामुळे नाही, बिलेमुळे, म्हणजे खालून दोर धरण्यामुळे. दोर ढिला होता हे तुम्हीच लिहिलंय. तुम्ही चढणं शोधताय, शिकायचं आधी धरणं आहे. खालच्या माणसाचा ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये, मग माशी नाकावर बसो. ही गोष्ट व्हिडिओतून येत नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून तुमच्या हातावर चापट मारावी लागते.

कातळवेडी

हिमालयातल्या कोर्सबद्दल मी लिहिते, मी उत्तरकाशीला बेसिक केलंय, पस्तिशी ओलांडल्यावर.

संस्था सरकारी आहेत. दार्जिलिंगची एचएमआय 1954 ची, उत्तरकाशीची निम 1965 ची, शिवाय मनाली, पहलगाम आणि अरुणाचलात दिरांग. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा. राहणं, जेवण, सामान संस्थेचं. खाजगी मोहिमांच्या मानाने शुल्क कमी, म्हणूनच जागा कित्येक महिने आधी भरतात. वयाची अट आणि वैद्यकीय दाखला असतो, दोन्ही संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. तुमचं वय बघता टाळाटाळ करू नका, एवढं आपुलकीने सांगते. भाच्यासाठी त्याच संस्थांचे लहान मुदतीचे ॲडव्हेंचर कोर्स असतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बेसिक कोर्स म्हणजे 'क्लाइंबिंगचा क्लास' नव्हे. सुरुवातीचे काही दिवस कातळ (आम्हाला टेखलाच्या खडकांवर नेत), मग पाठीवर ओझं घेऊन चाल, मग बर्फ आणि हिम. पहाटे उठून पळवतात. मी रोज पाच किलोमीटर पळून गेले होते आणि तरी तिसऱ्या दिवशी रडले. कोर्सअखेर श्रेणी मिळते. पुढे ॲडव्हान्स करायचा तर 'ए' लागते.

तेव्हा लिंगाणाच डोक्यात असेल तर आधी सह्याद्री. उत्तरकाशी तुम्हाला डोंगरात राहायला शिकवेल, लिंगाण्याचा पॅच (कातळाचा अवघड टप्पा) नाही.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. आपल्याकडे शिकवणारं कोणी नाही हे अर्धसत्य आहे. शिकवणारे आहेत, जाहिरात करत नाहीत इतकंच. महाड, खेड, चिपळूणकडे डोंगरात जाणाऱ्या मंडळींना विचारा. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी राज्यभरातल्या संस्था जोडलेल्या आहेत, तिथून जवळची संस्था कळेल. मुंबईत गिरिविहार 1954 पासून आहे, पुण्यात गिरिप्रेमी 1982 पासून. या मंडळींची शिबिरं बहुतेक हिवाळ्यात असतात, तुमच्या मोकळ्या रविवारांशी जुळतंय.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचं: एका शिक्षकामागे किती जण? रॅपलिंगला प्रुसिकचा (दोराला आवळून धरणाऱ्या गाठीचा) बॅकअप लावता का? दोराच्या टोकाला गाठ मारता का? हेल्मेट प्रत्येकाला आहे की आळीपाळीने? समोरचा चिडला तर फोन ठेवा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात व्यावसायिक आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलंय, तीही विचारा. तुमच्या मिसळवाल्या ग्रुपला हे चार प्रश्न विचारले असते तर एसटीचं भाडं वाचलं असतं.

जागा म्हणाल तर तुमची मुंबईची गाडी ज्याच्या पायथ्यावरून जाते तो कर्नाळ्याचा अंगठा, म्हणजे किल्ल्यावरचा सुळका. जाणत्यांबरोबर, हंगामात आणि आग्या मोहोळाची खबर काढूनच. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्या तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. घाटाचे कोकणाकडे उतरणारे कडे पश्चिमेला तोंड करून उभे असतात, त्यामुळे सकाळी सावली आणि दुपारनंतर तवा. पहाटे सुरुवात, बारापर्यंत आवरतं घ्यायचं. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळाला हात लावायचा नाही.

तोवर रसाळ-सुमार-महिपत हे तीन किल्ले करून या. दोन दिवसांत पाय काय म्हणतात ते कळेल.

दाभोळचं आजोळ

घरी सराव म्हणून भाच्याला एखाद्या पाडेल्यामागे पाठवा. माडावर चढणारा माणूस हातांनी स्वतःला ओढत नाही, पायांनी वर ढकलतो. आमच्या वाडीतले पाडेली साठीतही दिवसाला कितीतरी माड करायचे, दंड बघाल तर काडी.

(प्लास्टर निघाल्यावर पाठवा.)

घाटमाथा

दाभोळकर, लाख बोललात. नवशिक्यांचे हात आधी संपतात, कारण पाय कुठे ठेवायचा ते बघतच नाहीत. नवी मुंबईत बेलापूरला बोल्डर आहेत. कमी उंची, खाली जाड गादी, दोर नाही, आणि पायांचं काम शिकायला याहून चांगली शाळा नाही. 2016 आणि 2017 ला बोल्डरिंगचा विश्वचषक नवी मुंबईत झाला होता. जगातली मंडळी तिथपर्यंत आली, तुम्हाला तर तिथे थेट गाडी आहे.

वाचायला एकच सांगतो, 'माउंटेनिअरिंग: द फ्रीडम ऑफ द हिल्स'. 1960 पासून आवृत्त्या निघतायत. इंग्रजी आहे, पण चित्रं भरपूर, फिटर माणसाला नकाशा वाचल्यासारखं जाईल. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर घेऊ नका, पद्धती बदलल्यात. मोहिमांचं वाचायचं असेल तर हिमालयन क्लबचं जर्नल 1929 पासून चालू आहे, जुने लेख महाजालावर फुकट आहेत. पावसाळ्यात रात्री वाचायला उत्तम.

सामान: आधी हेल्मेट आणि बूट, मग हार्नेस (कमरेचा पट्टा), मग बिले डिव्हाइस आणि लॉकचा कॅराबिनर (धातूची कडी). दोर सगळ्यात शेवटी. पहिलं वर्षभर दोर संस्थेचाच असेल.

बंदरावरचा फिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. 'आधी धरणं' हे वाचून जरा वेळ गप्प बसलो. त्या दिवशी मी खरं तर एका हाताने फोन धरून त्याचा व्हिडिओ काढत होतो. धाग्यात ते लिहायची लाज वाटली होती.

अजून दोन शंका. एक, गाठी. खुंटाला होडी बांधायची गाठ म्हणजेच क्लोव्ह हिच असं दिसतं. मग कमरेला आमची नेहमीची बोलाइन का चालत नाही? दुसरी माझ्या धंद्यातली. इथे खाऱ्या हवेत स्टीलसुद्धा टिकत नाही. लिंगाण्यासारख्या ठिकाणी कातळात ठोकलेले बोल्ट वर्षानुवर्षं पावसात असतात. त्यांच्यावर भरवसा कसा ठेवतात?

घाटमाथा

बोलाइन चालते, जुने लोक वापरायचे. पण ताण नसताना ती हलून सुटू शकते, आणि बरोबर बांधली की नाही हे दुसऱ्याला चटकन दिसत नाही. फिगर एटची (इंग्रजी आठच्या आकाराची) उलट वाट काढून बांधलेली गाठ जोडीदाराला लांबूनही कळते. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ आणि बकल बघायचं. तुम्हाला येते म्हणून तुमची बघायची नाही असं नसतं.

बोल्टचं तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. जुन्या बोल्टवर आंधळा भरवसा नसतोच. एकावर नाही, दोन-तीन ठिकाणी भार वाटायचा. समुद्रकाठच्या कड्यांवर तर प्रश्न फारच मोठा. थायलंडला किनाऱ्यावर चुनखडीचे कडे आहेत, तिथे चांगल्या स्टेनलेसचे बोल्टही बाहेरून ठीक दिसत असताना आतून तडकले. शेवटी टायटॅनियमचे लावावे लागले.

बंदरावरचा फिटर

हे मात्र लगेच पटलं. आम्ही बोटीच्या बुडाला झिंक लावतो तेही खाऱ्या पाण्याच्या धास्तीनेच, दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. म्हणजे ॲल्युमिनियमचे कॅराबिनर स्टीलच्या सामानाबरोबर एकाच पिशवीत ओले ठेवायचे नाहीत, बरोबर?

कातळवेडी

बरोबर. तुमच्या घरात तर जास्तच जपा. गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, बिजागरीला थोडं वंगण. पांढरी पूड दिसली, गेट अडखळलं की तो कॅराबिनर किल्ल्या अडकवायला. दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा, आणि दुकानातल्या ॲसिडच्या बॅटरीपासून लांब. बॅटरीच्या वाफेने नायलॉन खराब होतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

आणि एक नाव लिहून ठेवा, महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. डोंगरात कोणी अडकलं तर जवळच्या पथकाला तेच हलवतात. त्यांचा नंबर निघण्याआधी फोनमध्ये असू द्या.

बंदरावरचा फिटर

शेवटची खबर देतो. महाडकडच्या एका संस्थेशी बोलणं झालं. चारही प्रश्न विचारले. पलीकडचा माणूस चिडला नाही, उलट म्हणाला, "पाचवा राहिला, तुमचा शिक्षक स्वतः शेवटचा कधी चढला ते विचारा." डिसेंबरात दोन दिवसांचं शिबिर आहे, नंतर जमलं तर कर्नाळा.

भाच्याचं प्लास्टर निघालं. बहीण बोलायला लागली आहे, पण तिची अट आहे. ती स्वतः बरोबर येणार आणि दोर कोण धरतंय ते बघणार. मी धरणार नाही हे तिला आधीच कबूल केलंय. दिवसभर बसायला कर्नाळ्याला सावली आहे का?

वाशिष्ठीकाठ

खाली अभयारण्यात हवी तेवढी. वर किल्ल्यावर ऊन. ताईंना टोपी आणि प्रत्येकी तीन लिटर पाणी. मोहोळ दिसलं तर खाली थांबूनच चहा घ्या.