रोजची गोळी आणि अर्धशिशी

अर्धशिशीसाठी वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज लागते असं तुम्ही तुमच्या प्रश्नात लिहिलंय, तिथेच शंका येते. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीचा अटॅक आल्यावर घ्यायच्या खास गोळ्या) १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मला न्यूरॉलॉजिस्टने आधी कॅलेंडरवर खुणा करायला लावल्या, मग प्रतिबंधक म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं (दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तेव्हा ते सहसा देत नाहीत). अटॅक थांबले नाहीत, पण कमी झाले. सुंठीचा लेप अजूनही लावते. जरा ऊब येते, तेवढंच. उपाशी राहणं मात्र हमखास बाधतं, म्हणून चतुर्थी सोडली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, हे विशेष!