चाबीवाल्यानं वीस मिनिटात घर उघडलं, मंग कुलपाचा फायदा काय?

पांढरंसोनं (दिग्रस तालुका)
राम राम मंडळी. मागच्या आठवड्यात आम्ही सगळे साळ्याच्या लग्नाले वर्ध्याले गेलो होतो, येता येता चाबी कुठं पडली कोणाले ठाऊक, रात्रीचे नऊ वाजलेले, लेकरं पेंगून राह्यले आन् आम्ही ओट्यावर बसून. दाराले सहा लिव्हरचं कुलूप हाय, चांगले पैसे मोजून घेतलेलं. तालुक्याच्या चाबीवाल्याले फोन केला, बिचारा तेवढ्या रात्री गाडीनं आला. एक कोरी चाबी मेणबत्तीच्या धुरात काळी केली, कुलपात घालून हलकीच फिरवली, काढून मोबाईलच्या उजेडात पाह्यली, कानशीनं दोन-तीन वेळा घासली, परत घातली. असं सात-आठ वेळा केलं असन आन् खट्ट करून कुलूप उघडलं. वीस मिनिटं बी झाले नव्हते. दोनशे रुपये घेतले, रात्रीचा आला म्हणून ज्यादा देत होतो ते घेतलेच नाही.

त्याचे उपकारच हायेत, पन तवापासून बायको म्हणते का याले जमलं तं दुसऱ्याले काऊन नाही जमणार. समोरच्या खोलीत कापूस भरून हाय, भाव वाढायची वाट पाहून राह्यलो. कोणतं कुलूप घेऊ सांगा.

कोरी_चाबी (पुसद)
भाऊ मी हाच धंदा करतो, वडिलांपासून. लिव्हरच्या कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीले स्प्रिंग. बरोबर चाबी प्रत्येक पट्टी नेमकी तिच्या उंचीवर उचलते, कमी नाही जास्त नाही, तेव्हाच खुंटा खाचेतून सरकतो. कोऱ्या चाबीवर काजळी असली की पट्टी जिथं दाबते तिथली काजळी पुसून बारीक चमक दिसते, तेवढंच घासायचं. ती चमक पाहता येणं हेच सगळं काम आहे. केसभर जास्त घासलं की चाबी फेका आन् पहिल्यापासून सुरू करा. पहिली दोन वर्षं मी किती कोऱ्या चाब्या वाया घालवल्या, वडील एक शब्द बोलायचे नाही, फक्त दुसरी हातात द्यायचे.

चोर दारात उजेड करून वीस मिनिटं घासत बसत नाही. तो सब्बल घालतो आन् कोयंडा उपटतो, कुलूप तसंच बंद लटकलेलं राहते. तुमचा कोयंडा कसा बसवला ते पहा. बारके स्क्रू असतील तर पंधरा लिव्हरचं कुलूप लावलं तरी उपयोग नाही. आरपार नट-बोल्ट टाका, नट आतल्या बाजूनं. कुलपाचा दांडा बी जाड पाहिजे आन् कोयंड्यात जास्त मोकळा नको, मोकळ्या जागेतच सब्बल शिरते.

आन् एक विचारतो, त्यानं घर तुमचंच आहे का याची खात्री केली का? अनोळखी गावात मी पोलीस पाटील नाहीतर शेजारचे दोन माणसं उभे केल्याशिवाय कुलपाले हात लावत नाही. दुसरं म्हणजे हरवलेल्या चाबीसोबत आणखी काय होतं?

खडूफळा (आर्णी)
कोरी_चाबी भाऊंनी छान सांगितलं. माहीतगार माणसानं कुलूप उघडणं ही गोष्ट जुनी आहे. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराचं कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवलेलं असायचं, उघडून दाखवा आणि 200 गिनी घेऊन जा अशी पाटी लावून. कित्येक वर्षं कोणाला जमलं नाही, मग 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं ते उघडलं, 16 दिवसांत मिळून 51 तास लागले त्याला. तेव्हाही लोक घाबरले होते तुमच्या घरच्यांसारखेच, पण अशा लोकांनी दोष दाखवले म्हणूनच पुढची कुलपं सुधारली.

मला जास्त काळजी चाबीच्या फोटोची वाटते. नवीन गाडी घेतली की हार घालून, चाबी हातात धरून स्टेटस ठेवतात. चाबीचे दात म्हणजे तिचा नंबरच, स्पष्ट फोटोवरून ते मोजता येतात. 2008 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी 195 फुटांवरून, म्हणजे साधारण साठ मीटरवरून, टेबलावरच्या चाब्यांचा फोटो काढून कॉम्प्युटरवर त्यांचे आकडे काढून दाखवले होते. मी वर्गातल्या पोरांना हे सांगतो, ते घरी जाऊन बापाचं स्टेटस काढायला लावतात.

विहिरीवरचा_माणूस (उमरखेड)
ट्रॅक्टरचं तं त्याहून वाईट हाय मास्तर. एकाच मॉडेलच्या कितीतरी ट्रॅक्टरले एकच चाबी लागते. माह्या चाबीनं शेजाऱ्याचा चालू झाला, दोघंबी पाहतच राह्यलो. मी आता बॅटरीले लपवून एक कट-ऑफ स्विच बसवला. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीचे स्वस्त कुलपं बी तसेच, एका दुकानातून डझनभर घेतले तं त्यातले दोन-तीन एकाच चाबीनं उघडले. घेतानाच दुकानात एकाची चाबी दुसऱ्यात घालून पाहा. आन् खोबरेल तेल टाकू नका कुलपात, कापसाची रुई आन् धूळ चिकटून गोळा होते.

कोरी_चाबी (पुसद)
तेलाचं बरोबर बोलले. ग्राफाईट पावडर टाका, नाही भेटली तर पेन्सिलीच्या शिश्याची पूड चालते.

पांढरंसोनं (दिग्रस तालुका)
मंडळी आत्ताच पाहून आलो. कोयंड्याले चार स्क्रू हायेत, त्यातले दोन बोटानं फिरले. चौकट सागाची हाय पन भोकं पार झिजले. चाबीवाल्यानं आल्या आल्या शेजारच्या काकाले विचारलं होतं का घर यायचंच हाय का, मले तवा राग आला होता का आपल्याच दारात आपली चौकशी करून राह्यला, आता समजलं.

कोरी_चाबी भाऊ, चाबी ज्या पाकिटात होती त्यात आधारची झेरॉक्स होती, त्यावर गावाचं नाव, घर नंबर सगळंच. बायकोले सांगितलं तं ती पहिले गप्पच झाली. उद्या सकाळी कुलूप बदलतो आन् वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टीचा कोयंडा करून आणतो. बोल्ट किती जाडीचे घेऊ तेवढं सांगा, चौकट तीन इंचाची हाय.

कोरी_चाबी (पुसद)
दहा एमएमचे, चार इंच लांबीचे घ्या, गोल डोक्याचे, बाहेरून पाना बसायला नको. आन् आज रात्री खोलीले आतून आडणा लावून झोपा.